बॉनेटखालचं कुणी विचारत नाही

‘किती देते?’ हा प्रश्न मला पेट्रोल पंपावर विचारतात, मंगल कार्यालयाबाहेर विचारतात आणि सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातूनही विचारतात. माझी गाडी चाकणला तयार झालेली फोक्सवागन पोलो जीटी टीएसआय. चार सिलिंडर, ११९७ सीसी, त्यावर टर्बो. कारखान्यातून बाहेर पडताना १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. त्यानंतर मी तिच्यावर भरपूर काम करून घेतलं आहे. त्या कामाचा मला मनापासून अभिमान आहे आणि त्यावर बोलायला मी कधीही, कुठेही तयार असतो. पण विचारणाऱ्याला हवा असतो फक्त ॲव्हरेजचा आकडा. मी शहरातला आकडा सांगतो, तो ‘एवढंच?’ म्हणतो, एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघतो, आणि निघून जातो.

पेट्रोल शंभरीपार गेलेल्या राज्यात हा प्रश्न येणारच, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढचा प्रश्न कधीच येत नाही याला. ब्रेक कोणते बसवलेत? खड्ड्यातून गेल्यावर मागची बाजू डोलते की लगेच बसते? उन्हाळ्यात घाट चढताना ओढ कमी होते का? गाडी कशी आहे हे ज्यांतून कळतं ते हे प्रश्न, आणि ते मला आजवर घरच्या माणसांनीही विचारलेले नाहीत.

मी कामाला सुरुवात ब्रेकपासून केली. आपल्याकडच्या पोलोला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पळायच्या आधी गाडी थांबली पाहिजे, म्हणून पुढच्या डिस्क मोठ्या केल्या, पॅड बदलले, ब्रेक ऑइल नवं भरलं. मग शॉकॲब्सॉर्बर आणि खालच्या आर्मचे बुश. मग टायर: मूळचे १८५/६० आर १५ काढून १९५/५५ आर १५ घातले. रुंदी वाढली आणि चाकाच्या एकूण व्यासात फरक पडला जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा, त्यामुळे स्पीडोमीटरचा हिशेब बिघडला नाही. हे सगळं मनासारखं झाल्यावर ईसीयूचा रीमॅप केला, तोही स्टेज वन, म्हणजे सौम्य. टर्बोनं किती दाबानं हवा ढकलायची, पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची हे ईसीयू ठरवतो. कंपनी याचे तक्ते सुमार पेट्रोल, कडक ऊन आणि सर्व्हिसिंग चुकवणारा मालक हे सगळं गृहीत धरून बेतते, म्हणून त्यात थोडी जागा शिल्लक असते. चांगला ट्यूनर तेवढ्याच जागेत काम करतो. माझ्या ट्यूनरनं आधी गाडी चालवून बराच वेळ नुसते लॉग वाचले. या गाडीचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क झेलेल असा बनवलेला आहे. ट्यूनर म्हणाला, ‘‘त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबू. क्लच जळाला तर मला शिव्या घालाल.’’ असा माणूस मिळायला नशीब लागतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका अतिशय सज्जन आहेत. गाडी धुताना दिसलो की ते थांबतात आणि म्हणतात, ‘‘अरे, एवढ्या पैशांत वरची गाडी आली असती.’’ आली असती, हे खरं आहे. वरच्या गाडीला मोठा टचस्क्रीन असता आणि छताला खिडकी असती. पण पावसाळ्यात ताम्हिणीत वळणावर म्हशींचा कळप समोर आला तेव्हा माझी गाडी ओल्या रस्त्यावर रेषेत, तसूभरही आडवी न होता थांबली. ते पैसे कुठे गेले ते मला त्या क्षणी पायाखाली कळलं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पण विकताना याचे काही मिळत नाहीत ना?’’ नाही मिळत, काका. उलट कमी मिळतात.

आता आवाजाबद्दल. याबद्दल मला खरा संताप आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचा आहे. मॉडिफाय केलेली गाडी म्हटल्यावर लोक तिच्याकडून आवाजाची अपेक्षा करतात, आणि आवाज आला नाही की त्यांना वाटतं काहीच केलेलं नाही. ही समजूत ज्यांनी पसरवली ते रात्री अकरानंतर बालेवाडी हाय स्ट्रीटला आणि फर्ग्युसन रस्त्याला भेटतात. एक्सलरेटर सोडला की मागून फटाफट बार उडतात, त्याला ते ‘पॉप्स अँड बँग्स’ म्हणतात. ही करामत कशी होते ते समजून घ्यावं. पाय काढला की इंजिनाचा पेट्रोल पुरवठा तुटला पाहिजे, कारखान्याचा ईसीयू तेच करतो. या ट्यूनमध्ये पेट्रोल चालूच ठेवतात आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतात. मिश्रण सिलिंडरमध्ये पुरतं जळत नाही, ते एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटतं. ती आग टर्बोच्या टर्बाइनला सोसावी लागते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सोसावी लागते. म्हणजे पेट्रोल जाळून, गाडीचं आयुष्य कमी करून, वेग तसूभरही न वाढवता मिळवलेला हा आवाज आहे. याला परफॉर्मन्स म्हणायचं?

आणि कन्व्हर्टर गेला की ते तो नवा घालत नाहीत, कापूनच टाकतात. ‘कॅट काढला’ असं छाती फुगवून सांगतात. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांची वाट लावणारा एकुलता एक भाग गाडीत असतो, तोच हे काढतात. अशा गाडीमागे सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की डोळे चुरचुरतात. तिथे दुचाकीवर पुढे लहान मूल घेऊन बसलेली माणसं असतात. वाहतूक पोलिसांनी बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो दर थोड्या दिवसांनी छापून येतात. त्या फोटोंनी मला समाधान वाटतं. वाईट एवढंच वाटतं, की तो फोटो पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवरचा छोटा बॅज पाहून मलाही त्याच टोळीत धरतो.

महामार्गावर याचा दुसरा भाग भोगावा लागतो. मी डाव्या लेनमध्ये, ठरलेल्या मर्यादेत चाललेलो असतो. मागून कुणीतरी येतो, बंपरला चिकटतो, हेडलाइट मारतो, बाजूला येऊन काच खाली करतो आणि हातानं ‘चल’ अशी खूण करतो. मी मान हलवतो. तो शिवी देऊन जातो. रेस लावायला मी गाडी बनवलेली नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर लावणाऱ्याला माझ्या लेखी गाडीतलं काही कळत नाही. शेजारच्या सीटवरचा मित्र मोबाइल काढून ‘दाब, दाब’ म्हणतो तेव्हा मी त्याला पुढच्या टोल नाक्यावर मागच्या सीटवर बसवतो.

छोट्या जाचांत पहिला मान पेट्रोल पंपाचा. रीमॅप केलेल्या टर्बो इंजिनाला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, कारण दाब वाढला की हलकं पेट्रोल वेळेआधीच पेटू पाहतं. नॉक सेन्सरला ते कळतं, ईसीयू ठिणगी मागे घेतो आणि ताकद उतरते. आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं मिळत आलं. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि पुण्या-मुंबईत सुरुवातीलाच मिळायला लागलं, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ते फार थोड्या पंपांवर मिळतं आणि फार महाग आहे, हेही नमूद करतो. पण माझा जाच वेगळाच आहे. नोझल आपोआप बंद पडतं, टाकी भरलेली असते, आणि पंपावरचा मुलगा विचारतो, ‘‘साहेब, राऊंड फिगर करू?’’ मी नाही म्हणेपर्यंत त्यानं दोनदा दाबलेलं असतं. त्या जादा पेट्रोलला जायला जागा नसते. टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा गाडीत असतो, पेट्रोल त्यात शिरतं आणि डबा निकामी होतो. वर नोझल काढताना दोन थेंब रंगावर ओघळतात, ते फडक्यानं पसरवून पुसले जातात. सात रुपये सुटे नसणं ही अडचण मला मान्य आहे. आता यूपीआय आहे. राऊंड फिगरची गरज राहिलेली नाही.

वॉशिंग सेंटरचंही तसंच. ज्या फडक्यानं चाकं पुसली त्याच फडक्यानं बॉनेट पुसतात. चाकावर ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी असते, ती रंगावर गोल गोल ओरखडे काढते. उन्हात तिरकस बघितलं की ते दिसतात आणि एकदा दिसले की रोज दिसतात. त्याहून वाईट सवय म्हणजे गाडी वर चढवून खालून डिझेलचा फवारा मारणं. गंज लागत नाही म्हणतात. गंजाचं असेलही, पण डिझेलनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. माझे नवे बुश रबराचेच आहेत. मी प्रत्येक वेळी ‘खालून डिझेल नको’ असं सांगतो, कागदावर लिहून देतो. एका ठिकाणी तरीही मारलं आणि बिलात लावलं.

आता आमच्या मेळाव्याबद्दल, कारण गाऱ्हाणं फक्त बाहेरच्यांचं सांगणं बरोबर नाही. रविवारी पहाटे आम्ही चांदणी चौकातून निघतो आणि पौडच्या पुढे एका मिसळवाल्याकडे थांबतो. उजाडता उजाडता बॉनेट उघडली जातात. शेंद्र्याला जुळलेली ऑक्टाव्हिया असते, रांजणगावची पुंटो अबार्थ असते, चाकणच्या पोलो तर असतातच. अबार्थ २०१५ साली दहा लाखांच्या आत १४५ पीएस घेऊन आली होती, आणि त्या किमतीच्या लहान गाडीत इतकी ताकद आपल्याकडे तोवर कुणी दिली नव्हती. या गाड्या आपल्या राज्यात तयार झाल्या, आता त्यांचं उत्पादन थांबलं आहे, आणि त्यांचे मालक एकेका सुट्या भागासाठी नाना पेठ पालथी घालून त्या जिवंत ठेवत आहेत. त्या सकाळी मला फार प्रिय आहेत.

पण तिथेही आकड्यांची बाधा आहेच. कुणीतरी येतो आणि सांगतो, ‘‘दोनशेच्या वर आहे.’’ कुठे मोजली? डायनोवर की इंजिन क्रँकचा अंदाज? इंजिनातून निघालेली ताकद गिअरबॉक्स आणि ॲक्सलमधून चाकापर्यंत येईतो साधारण दहा ते पंधरा टक्के गळते, त्यामुळे कुठे मोजली ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हवेचं तापमान किती होतं? एप्रिलच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे तीच टर्बो गाडी वेगवेगळी पळते, कारण गरम हवेत ऑक्सिजन कमी असतो आणि इंटरकूलर थकतो. डायनोचा कागद दाखव म्हटलं की तो घरी असतो. शिवाय मेळाव्याला येणारे काहीजण दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभे राहतात. जीनच्या मागच्या खिशाला पितळी बटण असतं. मी हे सौम्यपणे सांगतो. लोक मला किरकिरा म्हणतात.

त्याच मेळाव्याला अधूनमधून सांगलीहून एक गृहस्थ येतात, २००१ ची होंडा सिटी व्हीटेक घेऊन. दीड लिटरचं १०६ पीएसचं इंजिन, टर्बो नाही. त्या गाडीवर एकही स्टिकर नाही. शेजारी रुंद अलॉयच्या चार गाड्या उभ्या असल्या की कुणी तिच्याकडे बघतही नाही. मी बघितलं. बॉनेटखाली सगळे होज नवे, प्रत्येक क्लिप एकाच दिशेला वळवलेली, ॲल्युमिनियमवर तेलाचा डाग नाही. एक्झॉस्टची एक फ्लँज मिळत नव्हती, ती त्यांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कातून घेतली. बोट फिरवलं तर जोड लागत नाही इतकी सफाईदार. ग्लोव्हबॉक्समध्ये दोनशे पानी वही. तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल, किती मिलिलिटर जळलं, व्हॉल्व्हचं अंतर किती ठेवलं, सगळं निळ्या शाईत, मराठीत. मी वही वाचत उभा राहिलो आणि मिसळ गार झाली. इंजिन चालू केलं तेव्हा आवाज इतका एकसारखा होता, की रेव्ह वाढवेपर्यंत ते चालू असल्याचं मागच्या माणसाला कळलं नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त फोटो निघाले ते जांभळ्या रॅपवाल्या गाडीचे, जिचं इंजिन कारखान्यातून आलं तसंच होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

कायद्याबद्दल थोडं, आणि गांभीर्यानं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात त्याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. फटाके फोडणाऱ्यांसाठी हे योग्यच आहे. पण मोठी डिस्क बसवणारा आणि कन्व्हर्टर कापणारा या दोघांना वेगळं ओळखायची सोय त्यात कुठे आहे? सीएनजी किट बसवलं तर तपासणी होते आणि आरसीवर नोंद चढते. जर्मनीत ब्रेक, स्प्रिंग, चाकं बदलली तर टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा अभियंता गाडी तपासतो, सुरक्षित असेल तर मंजुरी देतो आणि गाडीच्या कागदपत्रांत तसं लिहिलं जातं. मला तशी तपासणी हवी आहे. फी भरायची माझी तयारी आहे, आरटीओत दिवसभर रांगेत उभं राहायची तयारी आहे. विमा कंपनीला मी स्वतःहून सगळे बदल कळवायला गेलो तर अर्जात दोन रकाने निघाले: इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज आणि नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज. ब्रेक यातलं काय? काउंटरवरची ताई म्हणाली, ‘‘सर, काहीच लिहू नका, सोपं पडेल.’’ मला सोपं नको होतं. मला खरं लिहायचं होतं.

‘एवढी हौस आहे तर ट्रॅकवर जा’ असाही सल्ला मिळतो, आणि तो अगदी बरोबर आहे. मग ट्रॅक दाखवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० पासून आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. पुण्याहून यातला प्रत्येक ट्रॅक हजार किलोमीटरहून दूर. ज्या शहराच्या आसपास टाटा, बजाज, मर्सिडीज आणि फोक्सवागनचे कारखाने आहेत, ज्या शहरात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन संशोधन संस्था आहे, त्या शहरातल्या माणसाला आपली गाडी कायद्यानं, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका उभी असताना मोकळी सोडायला वर्षानुवर्षं तमिळनाडूला जावं लागत आलं आहे. एखाद्या जुन्या धावपट्टीवर महिन्यातून एक रविवार दिला तरी फर्ग्युसन रस्त्यावरची अर्धी गर्दी तिकडे जाईल, अशी माझी खात्री आहे.

राहता राहिला आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक कसा असावा हे स्पष्ट दिलेलं आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वळणाची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून सुखानं जावी हा त्यामागचा हिशेब. आमचा गतिरोधक मी टेप लावून मोजला. उंची १५ सेंटिमीटर आणि रुंदी एका पावलाएवढी. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. कोणती गाडी कोणत्या चाकावर तिरकी काढली तर घासत नाही, हे आता वॉचमनला तोंडपाठ झालं आहे आणि तो हातवारे करून सगळ्यांना काढून देतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर घरी आल्या तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना फाटकाबाहेरच उतरवून चालत आणलं, कारण तो धक्का त्यांना सोसला नसता. आजींची गाडी साधी, कंपनीतून आली तशीच होती. तेव्हापासून हा विषय माझ्या एकट्याच्या गाडीचा राहिलेला नाही, हे समितीला कळायला हवं. मी लेखी अर्ज दिला आहे. मोजमापांसह नकाशा जोडला आहे, मानकाचा संदर्भ दिला आहे, पेव्हर ब्लॉकवाल्याचं अंदाजपत्रकही घेतलं आहे. गेल्या सभेत तो ‘ऐनवेळचे विषय’ यात होता आणि पार्किंगच्या भांडणात वेळ संपला. पुढच्या सभेत तो विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा असं मी सेक्रेटरींना कळवलं आहे, आणि आजींच्या मुलानं सूचक म्हणून सही केली आहे.